रोमिंग न लागणारं स्थलांतर

प्रश्न : आमच्या धारूर तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. जवळपास प्रत्येक कोयत्यामागे एक तरी मोबाइल असतो. हल्ली वाचनात येतं, की मोबाइलच्या डेटावरून कोण कुठून कुठे गेलं हे संशोधकांना बसल्या जागी कळतं. मग आमच्या भागातून तोडीला किती लोक जातात याचा पक्का आकडा कुणीच का सांगत नाही? कुणी 8 लाख म्हणतं, कुणी 15 लाख.
— एक विद्यार्थी, धारूर, जि. बीड

उत्तर : कळतं हे खरं आहे. पण ज्यांचं कळतं त्यांच्यात तुमच्याकडची माणसं फारशी बसत नाहीत. यात यंत्राचा दोष थोडा आहे. ते कशासाठी बसवलं होतं, हा मुद्दा मोठा आहे.

आधी मोबाइलवरून हालचाल ओळखतात म्हणजे काय करतात ते बघू. तुम्ही फोन लावला की कंपनी बिलासाठी एक नोंद करते. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती सेकंद आणि कोणत्या टॉवरवरून. साधा बटणांचा फोन असला तरी ही नोंद होतेच. त्याला जीपीएस लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. संशोधकांच्या हाती पडते ती हीच नोंद, फक्त खऱ्या नंबरच्या जागी एक सांकेतिक क्रमांक घातलेला असतो. मग एक सोपी युक्ती करतात. एखादा नंबर रात्रीच्या वेळी ज्या टॉवरवर सर्वांत जास्त दिसतो, ते त्याचं घर धरायचं. पुढे कित्येक आठवडे तो रात्रीचा टॉवर दुसराच दिसू लागला, की माणूस हलला असं समजायचं. जोशुआ ब्लुमेन्स्टॉक यांनी रवांडातल्या 15 लाख ग्राहकांच्या चार वर्षांच्या नोंदी अशा चाळल्या आणि 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. थोड्या काळासाठी जाऊन परत येणाऱ्यांची ये-जा सरकारी पाहणीत दिसते त्याहून कितीतरी जास्त आहे, असं त्यात निघालं. ही गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

या तंत्राचा बोलबाला झाला तो हैतीच्या भूकंपानंतर. 12 जानेवारी 2010 रोजी पोर्ट-ऑ-प्रिन्स शहर उद्ध्वस्त झालं आणि लोक वाट फुटेल तिकडे निघाले. मदत कुठे पाठवायची? छावण्यांत मोजणी करणाऱ्यांना छावणीतले लोक दिसत होते. जे गावी नातेवाइकांकडे गेले त्यांचा पत्ताच नव्हता. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले लीनस बेंगट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिजिसेल या कंपनीच्या 19 लाख सिमकार्डांची जागा भूकंपाच्या आधीपासून नंतरपर्यंत तपासली. भूकंपाच्या दिवशी राजधानीत असलेल्यांपैकी सुमारे 6 लाख 30 हजार लोक 19 दिवसांत शहराबाहेर पडले होते, असा त्यांचा अंदाज निघाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा लोक कोणकोणत्या भागांत गेले याचं चित्र या अंदाजाशी बरंच जुळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे कॉलऱ्याची साथ आली. या वेळी डेटा हाती आल्यापासून बारा तासांच्या आत, साथीच्या भागातून लोक कुठे गेले ते सांगता आलं. 2015 मध्ये नेपाळच्या भूकंपानंतर याच मंडळींनी एनसेलच्या सुमारे 1 कोटी 20 लाख सिमकार्डांवरून काठमांडूच्या खोऱ्यातून नेहमीपेक्षा 3 लाख 90 हजार जास्त लोक बाहेर पडल्याचं सांगितलं, तेही दोन आठवड्यांच्या आत.

पण भूकंप हा एकदाच होतो. तुमचा प्रश्न दरवर्षी जाऊन दरवर्षी परतणाऱ्यांचा आहे. त्याला सर्वांत जवळचा अभ्यास मला आफ्रिकेतल्या नायजरमध्ये दिसतो आणि त्यात मोबाइल नाहीच. तिथे पावसाळा संपला, शेतीची कामं आटोपली, की खेड्यातले लोक कामासाठी शहरात येतात आणि पाऊस जवळ आला की परततात. गोवराची साथ नेमकी कोरड्या महिन्यांत उसळायची. निता भारती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांनी टिपलेले रात्रीचे फोटो मिळवले आणि निआमे, माराडी, झिंदर या तीन शहरांचा उजेड मोजला. कोरड्या महिन्यांत शहरं उजळत, पावसाळ्यात मंद होत आणि गोवराचे रुग्ण त्या उजेडाबरोबर चढत-उतरत. 2011 मध्ये हा अभ्यास ‘सायन्स’मध्ये छापून आला. तो वाचताना तुमच्याकडची कोपी आठवल्याशिवाय राहत नाही. फडाच्या कडेला पाचट आणि ताडपत्रीच्या पन्नास कोप्या असल्या तरी रात्री त्यांत एखादा दिवा मिणमिणतो. उपग्रहाला दिसावा असा उजेड ऊसतोडीला नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे डेटावरून स्थलांतर मोजण्याचे दोन मोठे सरकारी प्रयत्न झाले. पहिला 2016-17 च्या आर्थिक पाहणीत, अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या नोंदी घेऊन त्यांनी हिशोब मांडला. विचार असा की कामाच्या शोधात निघालेला गरीब माणूस जनरलच्या डब्यातूनच जातो. त्यातून 2011 ते 2016 या काळात दरवर्षी सरासरी 90 लाख लोक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले असं निघालं. तोपर्यंत समजत होते त्याच्या जवळपास दुप्पट! दुसरा प्रयत्न डिसेंबर 2024 मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा, बिबेक देबरॉय आणि देवी प्रसाद मिश्र यांचा. त्यांनी जनरल तिकिटांना दूरसंचार नियामकाकडचा रोमिंगचा डेटा आणि जिल्हावार बँकांचा डेटा जोडला. त्यांचं उत्तर उलटं आलं. देशातले स्थलांतरित 2011 च्या जनगणनेच्या तुलनेत सुमारे 12 टक्क्यांनी घटून 2023 मध्ये 40 कोटी 20 लाखांवर आले असावेत.

आकडे वाढले की घटले, हा वाद अर्थशास्त्रज्ञांवर सोडू. तुमच्या तालुक्यातला एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, या यंत्रांसमोरून चालवून बघू.

दोघं निघतात ट्रकमधून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, बैल आणि शेळी असली तर त्यांच्यासकट. रेल्वेचं तिकीट काढलंच नाही, तेव्हा तिकिटांच्या डेटातून ती गळाली. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल बहुतेक वेळा रोखीत मिळालेली, म्हणजे बँकेच्या नोंदीतही नाहीत. राहिलं रोमिंग. इथे खरी गंमत आहे. दूरसंचार खात्याने देशाची विभागणी जिल्ह्यांत केलेली नाही, सर्कलमध्ये केली आहे. मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे एक वेगळं सर्कल. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. रोमिंगच्या डेटात माणूस दिसतो तो सर्कल ओलांडल्यावर. रत्नागिरीचा चाकरमानी मुंबईत पोचला की नोंद होते. धारूरचा कोयता कोल्हापूरला, सांगलीला किंवा पुणे जिल्ह्यात गेला, तीनशे-चारशे किलोमीटर गेला, सहा महिने राहिला, तरी त्या डेटाच्या लेखी तो घरीच बसलेला असतो. बेळगावकडे गेला तरच दिसणार.

कुणी म्हणेल, मग टॉवरनिहाय नोंदी मागवा, जशा हैतीत मागवल्या. मागवता येतील, पण तिथेही अडचणी आहेत आणि त्या ऊसतोडीच्या स्वभावातूनच आलेल्या. टोळी एका जागी राहत नाही. एका शिवारातला फड संपला की कोप्या मोडून दुसरीकडे. रात्रीचा टॉवर हंगामात चार-पाच वेळा बदलला तर ‘कित्येक आठवडे एकच टॉवर’ ही अट पुरी होत नाही आणि संगणक त्या नंबरला प्रवासी म्हणून बाजूला टाकतो. खेड्यातला एक टॉवर कित्येक किलोमीटरचा परिसर सांभाळतो. त्यात फडातली टोळी कोणती आणि गावातला बागायतदार कोणता, हे निवडणार कसं? शिवाय फोन बहुतेक नवऱ्याच्या खिशात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 54 टक्के स्त्रियांनीच स्वतः वापरायला मोबाइल असल्याचं सांगितलं होतं. कोयत्यातली बाई, तिच्या कडेवरचं मूल, सोबत आणलेली दहा वर्षांची मुलगी, हे सगळे मिळून एक सिमकार्ड.

आता एक गोष्ट सांगतो जी मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. ऊसतोड कामगाराची सर्वांत काटेकोर संगणकीय नोंद आजही रोज होते आणि ती कारखान्याच्या काट्यावर होते. गाडी काट्यावर आली की पावती निघते. तिच्यावर तारीख-वेळ, गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाचा वाण, तोडणी कंत्राटदाराचा कोड, वाहतुकीचा कोड, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. किलोपर्यंत हिशोब. कुठल्या मुकादमाच्या टोळीने कोणत्या दिवशी कोणत्या गटात किती ऊस तोडला, हे कारखान्याला ठाऊक असतं. टोळीत माणसं किती होती हे त्या पावतीवर नसतं, कारण पैसे टनावर द्यायचे असतात, माणसावर नाहीत. मजुरी मुकादमामार्फत, हिशोब कोयत्याचा, आणि कोयता म्हणजे दोन माणसं मिळून एक. बाईचं नाव कुठेच लागत नाही, म्हणून ते कुठेच नसतं.

तेव्हा तंत्रज्ञान नाही म्हणून आकडा नाही, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे डेटा आहे त्यांना माणसं मोजायची गरज पडलेली नाही आणि ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे डेटा नाही. आकडा पक्का झाला की त्याच्यामागे विमा येतो, भविष्य निर्वाह निधी येतो, मुलांची शाळा येते. आकडा मोघम राहण्यात बऱ्याच जणांची सोय आहे. कायद्याचीही नजर रोमिंगच्या डेटासारखीच होती. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य स्थलांतरितांसाठी होता. राज्याची हद्द ओलांडल्याशिवाय तोही जागा होत नव्हता.

पारंपरिक पाहण्यांत तरी ही माणसं सापडतात का? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2007-08 च्या फेरीत, एक महिना किंवा त्याहून जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहणाऱ्याला अल्पकालीन स्थलांतरित धरलं होतं. तुमचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलला संपतो. बरोबर रेघेवर. कारखाना लवकर पेटला आणि उशिरा बंद झाला तर माणूस व्याख्येच्या बाहेर!

थोडी आशा दोन ठिकाणी आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ऑगस्ट 2019 मध्ये चार राज्यांत सुरू होऊन जून 2022 पर्यंत सगळ्या देशात पोचली. त्यात अंगठा लावून दुसऱ्या गावच्या दुकानातून धान्य घेता येतं आणि प्रत्येक वेळी कोणतं कार्ड कोणत्या दुकानात चाललं याची नोंद राहते, जिल्हा ओलांडला तरी आणि राज्य ओलांडलं तरी. माझ्या मते राज्यांतर्गत हंगामी स्थलांतर दिसण्याची ही सर्वांत चांगली खिडकी आहे. मात्र मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांचं धान्य त्याच कार्डावर असतं आणि ते कार्ड घरीच ठेवून जाणारे पुष्कळ आहेत. दुसरी गोष्ट राज्याच्या महिला व बालविकास विभागाने 2022 मध्ये पुढे आणलेली स्थलांतर नोंद प्रणाली. गरोदर बाई किंवा लहान मूल गाव सोडून गेलं तर अंगणवाडी सेविकेने तशी नोंद करायची आणि जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीने पोषण आहार, लसीकरण चालू ठेवायचं. इथे निदान मोजणीच्या पाठोपाठ माणसाला काहीतरी मिळायचं आहे. जिथे मिळतं तिथे माणसं स्वतःहून नोंद करतात; हे कुठल्याही संगणकापेक्षा कामाचं सूत्र आहे. अर्थात फडावरून जवळची अंगणवाडी किती लांब, यावर ते अडतं.

प्रश्न : मी रोज लोकलने डोंबिवलीहून फोर्टला जातो. संशोधकांकडे आमच्या फोनचा डेटा नाव काढून जातो असं म्हणतात. मग काळजी कसली?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाव काढलं तरी माणूस उरतोच. 2013 मध्ये ईव-अलेक्झांडर द माँजॉय आणि सहकाऱ्यांनी एका युरोपीय देशातल्या 15 लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नाव नाही, नंबर नाही, फक्त तास आणि टॉवर. अशी चार ठिकाणं-वेळा माहीत असल्या तर 95 टक्के लोक त्या गर्दीतून एकटे वेगळे काढता येतात, असं त्यांना दिसलं. तुमचंच बघा. सकाळी अमुक वाजता डोंबिवली, दुपारी फोर्ट, हे हजारोंचं असेल. पण मंगळवारी संध्याकाळी मुलुंडला बहिणीकडे आणि रविवारी सकाळी बदलापूरला, हे जोडलं की ती रांग तुमची एकट्याचीच. कुणी तुम्हाला त्या चार ठिकाणी पाहिलेलं असलं की पुढचे पंधरा महिने त्याच्या हातात.

म्हणून जबाबदार संस्था आता संशोधकाला कच्च्या नोंदी देतच नाहीत. हिशोब कंपनीच्याच संगणकावर होतो आणि बाहेर येते ती बेरीज: या तालुक्यातून त्या तालुक्यात इतके गेले. फार थोडी माणसं असतील तो आकडा गाळून टाकतात.

मला संशोधकांपेक्षा जास्त काळजी वाटते ती तेच हत्यार सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या हातात गेल्याची. जर्मनीने 2017 पासून कागदपत्रं नसलेल्या आश्रयार्थींचे मोबाइल उघडून त्यांतून माणूस कोणत्या देशाचा असावा हे ताडायला सुरुवात केली. संपर्कातले नंबर कोणत्या देशाचे, मेसेज कोणत्या भाषेत, फोटो कुठे काढलेले. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला, की सौम्य मार्ग तपासून न बघता सुरुवातीलाच सरसकट फोन उघडणं बेकायदा आहे. आपल्याकडे 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे. अट अशी की त्या डेटावरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही. अट चांगली आहे. ती पाळली जाते का हे ज्याचा डेटा आहे त्याला कळणार कसं, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : एवढा डेटा फुकट पडलेला असताना कोट्यवधी खर्चून जनगणना कशाला करायची?
— एक निवृत्त शिक्षक, सिन्नर, जि. नाशिक

उत्तर : कारण बाकी सगळ्यांची पट्टी तिच्यावरच तपासतात. मोबाइल कंपनीकडे गावातले 30 टक्के ग्राहक असतील तर त्यावरून शंभर टक्के कसे काढायचे? गावात माणसं किती हे आधी माहीत हवं, आणि ते जनगणनाच सांगते. 2024 चा तो 40 कोटींचा अंदाजही 2011 ची जनगणना पायाला घेऊनच बांधला होता. पाया जुना झाला की वरचे मजले डुलायला लागतात. 2021 ची जनगणना झाली नाही, हे विसरू नका.

गुगलचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. लोक तापाबद्दल काय शोधतात यावरून फ्लूची साथ सांगणारी त्यांची सेवा 2008 मध्ये आली, गाजली, 2012-13 च्या हंगामात अंदाज भलतेच फुगले आणि 2015 मध्ये ती बंद झाली. डॉक्टरांकडून येणारे साधे आकडे तिथे चालूच होते, म्हणून चूक कळली. ते नसते तर?

स्थलांतराचं शास्त्र जन्मलं तेही जनगणनेच्या कागदांतून. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी एकदा म्हटलं, की स्थलांतराला काही नियम दिसत नाही. ते शब्द मूळच्या फ्रँकफर्टच्या, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या अर्नेस्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाइन यांना झोंबले. त्यांनी ब्रिटनच्या 1881 च्या जनगणनेतला जन्मस्थानाचा रकाना घेतला आणि 1885 मध्ये नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच जातात. प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायकाच जास्त स्थलांतर करतात. हा शेवटचा नियम इथे कसा उतरला बघा. 2011 च्या जनगणनेत स्थलांतरित 45 कोटींच्या वर, त्यांत दोन तृतीयांशाच्या आसपास स्त्रिया, आणि सर्वांत मोठं कारण लग्न. सासरी गेलेली मुलगी कुठल्याच जनरल तिकिटाच्या हिशोबात स्थलांतरित म्हणून दिसत नाही. तिला कारण विचारावं लागतं आणि विचारायला माणूस जावा लागतो. आपल्या जनगणनेत जन्मस्थान 1881 पासून विचारतात, शेवटचं राहण्याचं ठिकाण 1971 पासून आणि स्थलांतराचं कारण 1981 पासून. शंभर वर्षं लागली ‘का’ विचारायला!

मोजलं नाही की काय होतं ते 2020 ने दाखवलं. 24 मार्चला रात्री आठला घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. शहरांत किती परप्रांतीय मजूर आहेत, कुठे राहतात, याची यादी ना केंद्राकडे ना राज्यांकडे. 1 मेपासून श्रमिक रेल्वे सुटल्या आणि त्यांतून 63 लाखांवर लोक गेले. त्याआधी आणि त्यानंतरही लाखो चालत होते. 8 मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, भुसावळला गाडी मिळेल म्हणून. सप्टेंबरमध्ये लोकसभेत प्रश्न आला, तेव्हा गावी परतलेले मजूर 1 कोटी 4 लाखांवर असल्याचं सरकारने सांगितलं. वाटेत किती मेले? तशी नोंद ठेवलेली नाही, असं उत्तर मिळालं. हे सगळं घडत असताना मोबाइल चालू होते आणि टॉवर नोंदी करत होते. पुढच्या वर्षी, 26 ऑगस्ट 2021 ला, असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल आलं आणि त्यावर आता 30 कोटींहून जास्त नोंदी आहेत. त्या ‘हा माणूस आहे’ इतकं सांगतात. ‘या महिन्यात कुठे आहे’ हे कामगाराने स्वतः बदलून टाकलं तरच.

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि पहिल्यांदाच प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाइल ॲप असणार आहे. माणसं मोजायचा महिना नेहमीप्रमाणे फेब्रुवारी. म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात. तेव्हा तोडीची माणसं गावात नसतील, फडावर असतील, आणि नियमाप्रमाणे जिथे सापडतील तिथेच मोजायची. ॲप कितीही चांगलं असलं तरी प्रगणकाला उसाच्या सरीतून कोपीपर्यंत चालत जावं लागेल, तेही दिवस मावळल्यावर, कारण उजेड असेपर्यंत कोपीत कुणी नसतं. साखर आयुक्तालय आणि कारखान्यांनी त्या महिन्यापुरत्या टोळ्यांच्या जागा तहसीलदारांना कळवल्या, तर निम्मं काम होईल. हे करायला कोणतंही नवं तंत्रज्ञान लागत नाही; काट्यावरच्या संगणकात ते आजही आहे.

प्रश्न : फेसबुकवरून परदेशात गेलेल्या माणसांची मोजणी करतात म्हणे. मग जगात कुठे किती मराठी माणसं आहेत तेही कळेल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मोजणी करतात, ती जाहिरातींच्या दारातून. फेसबुकवर जाहिरात देणाऱ्याला आधी विचारतात, कुणाला दाखवायची? त्यात ‘पूर्वी अमुक देशात राहत होते, आता इथे राहतात’ असाही एक गट निवडता येतो आणि पैसे भरण्याआधीच, त्यात साधारण किती लोक आहेत ते दिसतं. एमिलिओ झागेनी, इंगमार वेबर आणि कृष्णा गुम्मडी यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की हा आकडा थोड्या दुरुस्त्या करून स्थलांतरितांच्या मोजणीला वापरता येतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मारिया वादळाने पोर्तो रिको बेट झोडपलं. सरकारी पाहणीचे आकडे यायला वर्ष लागणार होतं. झागेनी यांच्या गटाने याच रीतीने ऑक्टोबर ते जानेवारीदरम्यान अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे पोर्तो रिकोवासी 17 टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं, आणि पुढे त्यातले काही परतत असल्याचंही.

यात धोके उघड आहेत. गट कसा ठरवला हे कंपनी सांगत नाही. तिने आतलं गणित बदललं की एका रात्रीत हजारो माणसं स्थलांतरित होतात किंवा परत येतात. ट्विटरने 2023 मध्ये फुकट डेटा देणं थांबवलं, तेव्हा त्यावर उभे असलेले कितीतरी अभ्यास अर्ध्यावर राहिले.

तुमच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर फेसबुकचा तो गट देशावर चालतो. ‘पूर्वी भारतात राहत होते’ इतकं कळतं. त्यातला कोथरूडचा कोण आणि कोइम्बतूरचा कोण, हे नाही. भाषेवरून गाळावं म्हटलं तर आपली माणसं फेसबुक इंग्रजीत उघडतात. मराठी माणूस परदेशात मोजायचा असेल तर जुनाच मार्ग धरावा. अमेरिकेचं जनगणना खातं दरवर्षीच्या पाहणीत घरी कोणती भाषा बोलता हे विचारतं आणि ऑस्ट्रेलिया पाच वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत. दोन्हीकडे मराठीची वेगळी मोजणी होते. तिथे राहणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना फॉर्म आला, तर त्या रकान्यात सवयीने ‘इंग्रजी’ किंवा ‘हिंदी’ लिहू नका, एवढं मात्र जरूर कळवा.